बारा मायक्रॉन

सकाळी साडेआठला कारखान्याचं कुलूप थोरलीच उघडायची. बावीस वर्षं हाच क्रम. आधी हवा खेचणारा पंखा, मग कॉम्प्रेसर, मग भट्टीचं बटण आणि मग चहा. कारखाना म्हणजे तरी काय, घराच्या खालच्या मजल्यावरच्या चार खोल्या. पहिलीत जुना थर उतरवायची टाकी, दुसरीत घासून चकाकी आणणारी बफची कापडी चाकं, तिसरी काचेच्या दाराची फवारणीची खोली आणि चौथीत भट्टी व तपासणीचं टेबल. पितळेची वाद्यं, दिव्यांचे खांब, दारांच्या मुठी इथे काळवंडलेल्या यायच्या आणि लखलखत परत जायच्या. चकाकी बफने यायची, पण ती टिकायची वरच्या लॅकरमुळे. बाबा त्याला अजून रोगणच म्हणत. काचेसारखा पारदर्शक थर, बारा मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका. तो दिसला तर समजायचं, काम बिघडलं. "आपलं काम न दिसण्याचं आहे," असं बाबा सगळ्यांना सांगत. दारावरची स्वतःच्या नावाची पाटी मात्र त्यांनी चांगली हातभर उंच करून घेतली होती.

या घरात एकच पाप होतं. बफ झालेल्या पितळेला उघडा हात लावायचा नाही. पांढरे सुती हातमोजे घालूनच नग उचलायचा. बोटाचा घाम पितळेवर राहिला आणि त्यावर लॅकर बसलं, तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी मात्र थराखालून बोटाचा ठसा तपकिरी होऊन वर येतो, रेघा मोजता येतील इतका स्पष्ट. तो पुसता येत नाही, कारण तो आत असतो. सगळं खरवडून पहिल्यापासून करावं लागतं आणि गिऱ्हाईक गावभर सांगत सुटतं ते वेगळंच.

सहा वर्षांपूर्वी बाबांची नजर गेली. तरी ते पूर्वीसारखेच रोज दुपारी चार वाजता तपासणीच्या टेबलाशी बसत. त्या दिवशीचे तयार नग त्यांच्यापुढे ओळीने मांडायचे आणि कोणता कुणी केला हे सांगायचं नाही, हा हाताखाली कारागीर होते तेव्हापासूनचा नियम. आता ते डोळ्यांऐवजी बोटांची मागची बाजू, नखांच्या वरची कातडी, नगावरून फिरवत. बिघडलेला नग डावीकडे, बरा उजवीकडे. उजवीकडे ठेवताना म्हणत, "ठीक." बावीस वर्षांत थोरलीचे हजारो नग उजवीकडे गेले होते, आणि प्रत्येकाला हा एवढाच शब्द मिळाला होता. बाबांचा स्वभावच तसा, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. ती समजूत चांगली चालत होती, धाकटी परत येईपर्यंत.

धाकटी नवऱ्याचं घर कायमचं सोडून दोन बॅगा घेऊन आली त्याला आठ महिने झाले होते. लहानपणी कारखान्याच्या वासाने हिचं डोकं दुखायचं, म्हणून हिला वर अभ्यासाला बसवायचे आणि थोरलीला खाली टाकीशी उभं करायचे. आता म्हणे वेळ जात नाही, मलाही शिकव. थोरलीने शिकवलं. फवारणीची गन किती लांब धरायची, मनगट न वळवता हात सरळ कसा न्यायचा, पहिला हात पातळ आणि दुसरा त्याहून पातळ. हातचं राखून काही ठेवलं नाही. बाईसाहेब पंधरा दिवसांत कंटाळणार याची तिला खात्री होती.

तिसऱ्या आठवड्यात बाबांच्या हाताखाली दाराची एक मूठ आली. त्यांनी तिच्यावरून बोटं फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली. मग ती उचलून त्यांनी गालाला लावली.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

नियम त्यांचाच होता आणि आज तो त्यांनीच मोडला होता.

"मी, बाबा," धाकटी म्हणाली. "ओघळ आलाय का कुठे?"

"ओघळ कसला? थर आहे की नाही तेच कळत नाही. पितळच हाताला लागतंय, आणि तरी ते पितळ नाही." बाबांचा चेहरा असा उजळला होता, की त्यांना दिसायला लागलं की काय असं वाटावं. "पोरी, हे शिकवून येत नाही."

शिकवणारी शेजारीच उभी होती. तिच्या पोटात दुखलं. हे दुखणं कशाचं हे तिला लगेच कळलं; ती काही भाबडी नव्हती. तो मत्सर होता, आणि तो आपल्याला शोभत नाही हेही तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असून उपयोग काय? रोज चार वाजले की तो हजर. धाकटीचा नग बाबांच्या हाती गेला की थोरली बाबांच्या तोंडाकडे बघत राहायची, आणि ते तोंड आपल्या नगावर येताच कसं पुन्हा पूर्वीसारखं होतं तेही बघायची. रात्री जेवताना धाकटी बाबांच्या ताटात वाढायची, बाबा तिला हसून काहीतरी म्हणायचे, आणि थोरली ताट अर्धं टाकून उठायची.

त्यातच गावच्या बँडची चौदा वाद्यं कामाला आली. कर्ण्यांपासून ते माणसाला अंगाभोवती गुंडाळून घ्यावा लागतो त्या मोठ्या भोंग्यापर्यंत. पहिलं वाद्य टाकीत गेलं त्या दिवशी बाबांनी दोघींना टेबलाशी बोलावलं.

"ही चौदा तपासली की मी या खुर्चीवरून उठणार," ते म्हणाले. "फवारणीची खोली मग एकीच्याच ताब्यात राहील. दोन हातांचं काम एका दुकानात शोभत नाही. कोण, ते बोटं सांगतील."

थोरली हो म्हणाली. धाकटीने नुसती मान हलवली आणि मग बाबांना दिसत नाही हे आठवून तीही हो म्हणाली.

थोरली स्वभावाने हिशेबी. एखादी गोष्ट चांगली आहे म्हणजे नेमकी किती, हे तिला आकड्यात लागायचं. तिच्याकडे थराची जाडी मोजायचं मुठीएवढं यंत्र होतं. त्याचं टोक नगावर टेकवलं की आकडा यायचा. थराखाली धातू असेल तरच हं. लाकडावर, काचेवर, कापडावर टेकवलं तर नुसत्या दोन आडव्या रेघा. बाबांना हे यंत्र आवडत नसे, म्हणून ती त्यांच्या माघारी वापरायची. धाकटीचं पहिलं वाद्य भट्टीतून बाहेर आलं तेव्हा तिने मोजलं. बारा. तिने स्वतःचं मोजलं. तेही बारा. मग फरक कशात आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सहज पुन्हा मोजलं. तिचं बारा होतं. धाकटीचं पंधरा.

सेल उतरला असेल, असं तिने ठरवलं. सेल बदलला. यंत्राबरोबर आलेल्या ठरावीक जाडीच्या पट्टीवर तपासून घेतलं. यंत्र ठणठणीत होतं. तिसऱ्या दिवशी धाकटीच्या वाद्यावर एकोणीस आले, चौथ्या दिवशी चोवीस. वाळलेला, भट्टीत भाजलेला थर पातळ होऊ शकत नाही तसा जाडही होऊ शकत नाही. भिंतीला लावलेला रंग आपण झोपलेले असताना जाड होतो का?

याचा सरळ अर्थ एकच होता. धाकटी तयार नगांवर चोरून आणखी हात मारत होती.

"तू झालेल्या वाद्यांवर पुन्हा फवारतेस का?" तिने विचारलं.

"नाही गं. का?"

"जाडी वाढतेय."

धाकटीने खांदे उडवले. "बाबा तर म्हणत होते, दिवसेंदिवस छान लागतंय हाताला. त्यांना नको सांगूस हं, उगाच काळजी करतील."

थोरलीने तयार वाद्यं कपाटात टांगून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी धाकटी बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. दोघं सकाळी गेली ती संध्याकाळी आली. थोरली दिवसभर त्या कपाटासमोर बफ करत बसली. पाच वाजता कुलूप काढून तिने यंत्र टेकवलं. तीस.

तिने यंत्र खणात टाकलं आणि खण बंद केला. समजत नाही त्याकडे बघायचं नाही, एवढं तिला अजून जमत होतं. आणि खरं सांगायचं तर तिला आकड्याचं नवल वाटण्याआधी राग आला. म्हणजे हिची वाद्यंसुद्धा बसल्या जागी सुधारतात! आपण बावीस वर्षं घाम गाळायचा, आणि हिने हात फिरवायचा की बाकीचं आपोआप होणार.

चौदावा नग म्हणजे तो मोठा भोंगा. तो वाजवणारे म्हातारे गृहस्थ बँडमध्ये सगळ्यांत बुटके. त्यांना कारखान्यात भोंगेकाका म्हणत, अर्थातच त्यांच्या पाठीमागे. तोवर बाबांनी थोरलीच्या सातही वाद्यांना "ठीक" म्हटलं होतं आणि धाकटीची सहाही गालाला लावली होती. निकाल लागल्यातच जमा होता. भोंगा धाकटीच्या वाट्याला होता. थोरलीने तो बफ केला, धुतला, पुसला आणि फवारणीच्या खोलीत तारेला टांगला. दुपारचे दोन वाजले होते. धाकटी बाबांना औषध द्यायला वर गेली होती.

थोरलीने उजव्या हातातला मोजा काढला.

भोंग्याच्या तोंडाच्या आत, काठापासून तीन बोटं अंतरावर, तिने अंगठा टेकवला आणि दाबून धरला. मनात पाचपर्यंत मोजलं. तीन महिन्यांनी हा अंगठा तपकिरी होऊन वर येणार होता. भोंगेकाका तणतणत येणार होते. फवारण्याआधी नग तपासायचं काम फवारणारीचं, त्यामुळे ठसा कुणाचा हे कुणी विचारणार नव्हतं. गालाला लावलेल्या सगळ्या नगांवर बाबा पुन्हा बोटं फिरवणार होते. पितळ आधी गार होतं. चार म्हणेपर्यंत ते कोमट झालं. पाचाला तिने अंगठा उचलला तेव्हा तो किंचित चिकटल्यासारखा वाटला.

तिने मोजा चढवला. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. धाकटी खाली आली, तिने मास्क लावला, आणि थोरली काचेच्या दाराआडून बघत राहिली. धाकटी शिकवल्याप्रमाणे हात सरळ नेत होती. तोंडाच्या आत फवारताना ती एका जागी क्षणभर थांबली, मान कलती करून बघितलं, आणि मग तिथे गन जरा जास्त वेळ धरली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दोघींनी मिळून भोंगा टेबलावर ठेवला. बाबांनी बाहेरून सुरुवात केली, नळ्यांची वळणं चाचपली आणि मग त्यांचा हात तोंडाच्या आत गेला. काठापासून तीन बोटांवर तो थांबला.

"इथे काय आहे?"

"काही नाही, बाबा," थोरली घाईने म्हणाली.

"इथे ऊब आहे."

"आत्ताच भट्टीतून काढलाय."

"सकाळी काढला ना?"

बाबांची बोटं त्या जागेवरून पुन्हा पुन्हा फिरत राहिली, झोपलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावीत तशी. मग त्यांनी हात काढून मांडीवर ठेवले.

"आता मी काय तपासणार?" ते म्हणाले. "फवारणीची खोली धाकटीची. थोरले, तुझं बफचं काम चोख आहे. ते तू बघ."

थोरलीने बरं म्हटलं. तीन महिने, तिने मनात म्हटलं. तीनच महिने.

आठवड्याभराने एका सकाळी तिचा मोबाईल उघडेना. रोज अंगठा ठेवला की उघडायचा. तिने अंगठा पुसला, पुन्हा ठेवला. मोबाईलने तिला ओळखलंच नाही. तिने अंगठा खिडकीपाशी नेऊन पाहिला. रेघा होत्या, पण कशाच्या तरी खाली होत्या. नळाखाली धरला तर पाणी त्याला लागेना. थेंब होऊन घरंगळून गेलं.

ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी भिंगातून पाहिलं, टोकदार काडीने टोचलं. थोरलीला टोचल्याचं कळलं नाही.

"रसायनांत काम करता ना? रेषा झिजतात," बाई म्हणाल्या. "मोजे घालत चला."

मोज्यांवरून बावीस वर्षं दुसऱ्यांना बोलणाऱ्या थोरलीने हो म्हणून मलमाची चिठ्ठी घेतली. मलम अंगठ्यावर टिकलंच नाही.

त्या दुपारी तिने खण उघडून यंत्र बाहेर काढलं. हे करण्यात काही अर्थ नव्हता. खाली धातू नसेल तर दोन रेघा येणार हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिने आधी डाव्या अंगठ्यावर टोक टेकवलं. दोन रेघा. तिने सोडलेला श्वास तिचा तिलाच ऐकू आला. मग उजव्या अंगठ्यावर टेकवलं.

बारा.

दुसऱ्या दिवशी अंगठ्यावर पंधरा आले आणि शेजारच्या बोटावर बारा. तिसऱ्या दिवशी एकोणीस. आकडे तिच्या ओळखीचे होते. धाकटीच्या पहिल्या वाद्यावर ती हेच, याच क्रमाने वाचत आली होती.

तिने टाकी तापवली. थर उतरवायच्या त्या द्रावणात लॅकर अर्ध्या मिनिटात सायीसारखं सुरकुततं आणि वर येतं. हाताला लागलं तर कातडी सोलून निघते. तिने एका हाताने दाराची एक जुनी बिजागरी आत सोडली आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बुडवला. डोळे घट्ट मिटून तीस मोजले. बिजागरीवरचा थर सुरकुतून तरंगत होता. अंगठा होता तसाच बाहेर आला, स्वच्छ. त्याला काही झालं नव्हतं, आणि तो दुखलाही नव्हता.

पंधरवड्यात ते कोपरापर्यंत आलं. मग दंडावर, मग गळ्यावर. दुखणं नाही, खाज नाही. चहा गरम आहे की गार हे मात्र कपातून निघणाऱ्या वाफेकडे बघून ठरवावं लागे. आणि सांगायला लाज वाटावी अशी एक गोष्ट म्हणजे, लोक तिच्याकडे बघायला लागले. दुकानदारीण म्हणाली, "ताई, काय तेज आलंय हो चेहऱ्यावर, काय लावता?" बँकेतला नेहमी कपाळाला आठ्या घालून बसणारा मनुष्य उठून उभा राहिला. आयुष्यात कुणी दोनदा वळून पाहिलं नव्हतं तिच्याकडे. त्या दिवशी घरी येताना ती दुकानांच्या काचांत स्वतःला बघत बघत आली. धाकटीने बघावं असं तिला वाटलं. धाकटीला जरा तरी लागावं असं वाटलं.

"छान दिसतेस हल्ली, ताई," धाकटी मनापासून म्हणाली. तिला काहीच लागलं नव्हतं. थोरलीचा तेवढाही आनंद गेला.

पण ते बघणंही पुढे पुढे कमी होत गेलं. लोकांची नजर तिच्यावर यायची, पण ठरायची नाही. घसरून पलीकडे जायची. एका सकाळी धाकटीने चहाचे दोनच कप आणले. थोरली समोरच बसली होती.

"अगं, तू आहेस होय," धाकटी दचकून म्हणाली. "मला वाटलं, बाहेर गेलीस."

त्याच दिवशी दुपारी थोरली बाबांना जिन्यावरून खाली आणत होती. सहा वर्षं ती रोज त्यांचा हात धरून आणायची. शेवटच्या पायरीवर बाबा थांबले आणि त्यांनी तिचा हात दोनदा चाचपला.

"कठडा कधी घासून घेतलात?" ते म्हणाले. "गुळगुळीत झालाय."

ती दुसऱ्याच दिवशी भोंगेकाकांकडे गेली.

भोंगेकाका दाराशी आले ते तिच्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत. तिला दोनदा हाक मारावी लागली. मग त्यांनी कौतुकाने भोंगा दाखवला. त्यांनी तो खिडकीजवळ स्टँडवर ठेवला होता.

"जन्मात इतका सुरेख दिसला नव्हता," ते म्हणाले. "एकच गंमत आहे. सकाळी पुसायला घेतला की आत, या इथं, ओलसर लागतं. घाम आल्यासारखं."

थोरली वाकली. थराखाली तिचा अंगठा होता. तपकिरी नव्हता झालेला. ताजा होता, गुलाबीसर, एकेक रेघ जिवंत. तिने स्वतःचं बोट त्यावर ठेवलं. बोटाला काही कळलं नाही. पण त्या अंगठ्याला बोट लागल्याचं तिला कळलं.

"काका, हा परत द्या मला," ती म्हणाली. "फुकट करून देते. खरवडून पहिल्यापासून करते."

"खरवडायचा?" भोंगेकाकांनी भोंग्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. "काहीतरीच काय, बाई. त्याला दुखेल."

आपण काय बोलून गेलो याचं त्यांना जरा नवल वाटलेलं दिसलं. मग ते हसले आणि दार लावून घेतलं.

बाबांना सांगायचं, असं तिने वाटेतच ठरवलं. सगळं सांगायचं. मोजा काढल्याचं, अंगठ्याचं, इतके महिने पोटात जे जळत होतं त्याचं. बाबा बोलतील, कदाचित तोंडही बघणार नाहीत, तसंही त्यांना ते दिसत नाहीच. पण ऐकून घेतील. आणि तो भोंगा परत मागवून टाकीत घालायला लावतील. त्यांचा शब्द भोंगेकाका मोडणार नाहीत.

चार वाजले होते. बाबांनी खुर्ची सोडली नव्हती. सवयीने ते अजून टेबलाशी येऊन बसत. धाकटी भट्टीपाशी होती. टेबल रिकामं होतं.

थोरली बाबांच्या समोर बसली आणि तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"बाबा, मला काही सांगायचंय."

तिला तिचा आवाज ऐकू आला. बाबांची मान हलली नाही.

"बाबा."

ते खिडकीच्या दिशेने तोंड करून बसले होते. मग टेबलावर काही आहे का बघावं, तसा त्यांनी हात पुढे सरकवला. बोटांची मागची बाजू तिच्या मनगटाला लागली.

ते थांबले.

बोटं मनगटावरून कोपरापर्यंत गेली. परत आली. पंजा, एकेक बोट, नखं. श्वास रोखून ते तपासत होते. थोरलीला त्यांचा स्पर्श कळत नव्हता. पण त्यांचा चेहरा तिला दिसत होता.

तो उजळत चालला होता. मुठीच्या वेळी उजळला होता त्याहून जास्त, भोंग्याच्या वेळेपेक्षाही जास्त. डोळ्यांत पाणी आलं होतं. बावीस वर्षं ती या चेहऱ्याची वाट बघत होती.

तिने हात काढून घ्यायला हवा होता.

तिने तो हलवला नाही.

"धाकटे," बाबांनी हाक मारली. "इकडे ये. हे कुणी केलं?"

धाकटी आली. तिने टेबलाकडे पाहिलं.

"मी नाही, बाबा. ताईने केलं असेल."

"थोरलीने?" बाबा मायेने हसले. "नाही गं. कष्टाळू आहे पोर, पण हे तिच्याने होणार नाही." त्यांची बोटं अजून फिरतच होती. "आहे कुठे ती?"

धाकटीने खोलीभर नजर फिरवली. टेबलावरून, खुर्चीवरून, दारावरून. जाऊन बफच्या खोलीत डोकावली आणि परत आली.

"इथेच होती आत्ता," ती म्हणाली, आणि तिने तयार नग गुंडाळायच्या मऊ कागदाचा एक ताव ओढून टेबलावर पसरला.